आमराईतल्या बाकावर परत कशी जाऊ?

सांगलीहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. हातानं लिहिलेलं, चार पानी. त्यातला मुख्य भाग इथे देते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

‘माझं वय ६२. अकरा वर्षं झाली, आम्ही सहाजणी रोज सकाळी आमराईत फिरायला जातो. तीन फेऱ्या मारायच्या आणि मग बाकावर बसायचं. एकजण थर्मासमधून गवती चहा आणते. बोलणं रोजचंच. नळाला पाणी कधी आलं, कुणाचा मिक्सर बिघडला, कुणाचे गुडघे, कुणाच्या सुनेनं परत भेंडीच केली. त्या पाऊण तासावर माझा दिवस निघायचा.

चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं की मिस्टरांना पार्किन्सन्स आहे. ते हायस्कूलला शिक्षक होते. त्यांचं फळ्यावरचं अक्षर बघायला दुसऱ्या वर्गातली मुलं यायची. आता सही करताना अक्षर मुंगीएवढं होत जातं. त्यांनी मला शपथ घातली आहे, कुणाला सांगायचं नाही. फक्त बंगळूरला असलेल्या मुलाला माहीत आहे. मी बाकावर जात राहिले, पण त्या गप्पा मला सोसेनात. बारा दिवसांपूर्वी एक मैत्रीण सांगत होती, धुण्याभांड्याची बाई चार दिवस आली नाही, कंबर मोडली. माझ्या तोंडून निघून गेलं, “बाई आली नाही हे काय दुःख झालं? दुसरं काही नाहीच का गं तुला?” सगळ्या गप्प झाल्या. ती उठून गेली.

ताई, २०१९ च्या महापुरात याच मैत्रिणीनं आम्हा दोघांना विश्रामबागेतल्या तिच्या घरी नऊ दिवस ठेवून घेतलं होतं. “सर पुस्तकं सोडून निघायचे नाहीत, त्यांना पुस्तकांसकट घेऊन ये,” असा तिचाच फोन आला होता. ती बाकावरून उठून गेली त्या सकाळपासून मी आमराईत गेलेले नाही. ग्रुपवर “गुडघा दुखतोय” म्हणून टाकलं. बाकीच्यांनी विचारपूस केली, तिचं काही आलं नाही. परत जाऊ का? जाऊन बोलू काय? शपथ मोडता येत नाही आणि काही न सांगता तिथं बसणं जमत नाही. आणि खरं सांगायचं तर त्या गप्पाच मला आता पोकळ वाटतात.’

ताई,

आधी त्या मैत्रिणीकडे जा. बाकी सगळं त्यानंतर.

उद्याच जा. बारा दिवस झालेत, त्याचे वीस होऊ देऊ नका. दिवस जातात तसं बोलणं अवघड होत जातं, आणि मग दोघींपैकी कुणाच्या तरी घरी काही मोठं घडल्याशिवाय गाठ पडत नाही. फोन नको, ग्रुपवर तर काहीच लिहू नका. ती फिरायला निघायच्या वेळेला, दाराशी चप्पल घालत असेल तेव्हा जाऊन उभ्या राहा. त्या वेळी आत येऊन बसा, चहा टाकते, हे सोपस्कार नसतात. दोघींनी आमराईपर्यंत चालत जायचं. चालताना बोलणं सोपं जातं, कारण एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

बोलायचं ते थोडंच. ‘त्या दिवशी मी तुला लागेल असं बोलले. चूक माझी होती. राग तुझ्यावर नव्हता. माझ्या डोक्यावर सध्या एक ओझं आहे, ते काय आहे हे सांगायची मला आत्ता मोकळीक नाही. मोकळीक मिळाली की पहिलं तुला सांगेन.’ यात तुमची शपथ कुठेही मोडत नाही. मात्र या पाच वाक्यांना ‘पण’ जोडू नका. ‘पण तू पण रोज तेच तेच बोलतेस’ असं काही पुढे आलं तर माफी तिथंच वाहून जाईल. ती रागावली, रडली, ‘मी काय वाकडं केलं होतं तुझं’ म्हणाली, तर म्हणू द्या. नऊ दिवस ज्या बाईनं तुम्हाला घरात ठेवून घेतलं तिला तेवढं म्हणायचा हक्क आहे. ती काहीच न बोलता नुसती चालत राहिली तरी सोबत चाला. परवा पुन्हा जा.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल. त्या गप्पा पोकळ वाटतात, असं तुम्ही लिहिलं आहे. चार महिने जे तुम्ही एकटीनं वाहिलंत ते बघता तसं वाटणं मला कळतं, पण ते मला पटत नाही. का, ते तुमच्याच गावातल्या गोष्टीवरून सांगते.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती चढलं ते मोजतात. चाळीस फुटाला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे सांगलीतल्या शाळकरी पोरालासुद्धा पाठ असतं. पूल १९२९ सालचा, म्हणजे तुमच्या आधीच्या दोन पिढ्यांनीही त्याच पुलाखालचं पाणी बघून सामान माळ्यावर चढवलं असणार. पावसाळ्यात सांगलीत सकाळी माणसं एकमेकांना विचारतात, ‘आयर्विनला किती फूट?’ पाणी वीस फूट असलं तरी विचारतात. वीस फुटाला कुणाचं काही बुडत नसतं, तरी तो प्रश्न फालतू आहे असं कुणी म्हणत नाही. रोज विचारलेलं असतं म्हणूनच पाणी चढायला लागलं की किती वेगानं चढतंय हे कळतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते सत्तावन्न फुटांच्या वर गेलं, तेव्हा तर तासातासाला विचारत होते.

तुमचा बाक हेच करतो. नळाचं पाणी, गुडघे, सुनेची भेंडी, मिक्सर, न आलेली बाई, हे त्या सहा घरांचे रोजचे फूट आहेत. तुमच्या मैत्रिणीनं महापुरात फोन केला तेव्हा सर पुस्तकं सोडून निघणार नाहीत हे तिला कसं माहीत होतं? तुम्ही पत्रात त्याचं कारण लिहिलेलं नाही, पण मला अंदाज आहे. कधी तरी बाकावर तुम्हीच कुरकुर केली असणार, ‘घरात पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे यांची पुस्तकं.’ तेव्हा ती एक अगदी क्षुल्लक तक्रार होती. पूर आला त्या दिवशी त्याच तक्रारीमुळे तिला कळलं की ‘लवकर निघा’ एवढं सांगून भागणार नाही, ‘पुस्तकांसकट या’ असंच सांगावं लागेल. तुम्ही दोघं वेळेत बाहेर पडलात यात त्या कुरकुरीचाही वाटा आहे.

आपल्याकडे बायका हे फार पूर्वीपासून करत आल्या आहेत. पहाटे उजाडायच्या आधी दोघी समोरासमोर जात्याला बसायच्या. दळण व्हायचं आणि ओव्या व्हायच्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांमधून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आहेत. त्यांत देव आहेत, सीता आहे, माहेर आहे, आणि रोजच्या घरातलं सुखदुःखही आहे. ज्या बाईला दिवसभर तोंड उघडायची सोय नव्हती तिला पहाटेचा तो वेळ होता, आणि जात्याचा दुसरा हात धरायला समोर कुणीतरी होतं. गिरण्या आल्या, जातं कोपऱ्यात गेलं, ते चांगलंच झालं, कारण त्या दळणानं बायकांचे खांदे मोडायचे. पण पहाटे समोर बसायला कुणीतरी हवं, ही गरज काही कोपऱ्यात गेली नाही.

माझ्या सासूबाई अर्धांगवायूनं तीन वर्षं अंथरुणावर होत्या. सकाळी मी दूधकेंद्रावर रांगेत उभी राहायचे. माझ्या पुढे एक बाई असायची, ती मुलाच्या वह्यांना कव्हरं घालायची राहिलीत, खाकी कागद कुठं मिळत नाही, असलं काही सांगत राहायची. सुरुवातीला मला चीड यायची. रात्रभर मी दर दोन तासांनी उठून सासूबाईंची कूस बदलत होते आणि ही मला खाकी कागदाचं सांगतेय. पुढे कधीतरी लक्षात आलं की माझ्या चोवीस तासांतली तेवढी दहाच मिनिटं अशी होती ज्यांत बेडपॅन नव्हतं, औषधाची वेळ नव्हती, कण्हणं नव्हतं. मी तिला एका दुकानाचं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, ‘मिळाला हो कागद.’ मला त्या दिवशी बरं वाटलं होतं. माझ्या हातून कुणाचं तरी काम पुरं झालं होतं, आणि घरात तर माझ्या हातून काहीच पुरं होत नव्हतं.

म्हणून सांगते, मैत्रिणींची लहान दुःखं तुमच्या मोठ्या दुःखासमोर ठेवून मोजू नका. तुमचं दुखणंही रोज लहान होऊनच येणार आहे. पार्किन्सन्स हा शब्द मोठा आहे, डॉक्टरांच्या खोलीत तो ऐकला की पायाखालची जमीन सरकते. पण घरात तो शर्टाच्या बटणापाशी येतो. चमच्यातली आमटी सांडते तिथं येतो. रात्री कूस वळवायला वेळ लागतो, चप्पल पायात नीट जात नाही, फोनवर आवाज इतका बारीक येतो की समोरचा ‘हॅलो, हॅलो’ करत राहतो. या सगळ्याला बाकावर जागा आहे, ताई. ‘कंबर मोडली’ म्हणणारीच्या शेजारी ‘आज बटणं लावायला वीस मिनिटं लागली’ म्हणणारी बसू शकते.

पण त्यासाठी शपथेचा प्रश्न सोडवायला हवा.

आजार सरांचा आहे. तो कुणाला सांगायचा हे ठरवायचा हक्कही त्यांचाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यांच्या पाठीमागे कुणालाही सांगू नका, अगदी त्या मैत्रिणीलासुद्धा. उद्या बाजारात कुणीतरी ‘सर, कळलं हो’ म्हणालं तर त्यांच्या मनात तुमच्याबद्दल जी गाठ बसेल ती सुटायला फार दिवस लागतील. पुढे अशी वेळ येऊ शकते की त्यांना स्वतःचा चमचा आणि स्वतःची आंघोळ तुमच्या हाती द्यावी लागेल. त्यासाठी हा विश्वास जपायलाच हवा.

मात्र तुमचा थकवा तुमचा आहे. तो कुठे न्यायचा हे ठरवायचा हक्क तुम्हालाही आहे. हे दोन हक्क एकमेकांना अडतात तिथं बोलावं लागतं, आणि हे बोलणं तुम्ही दोघांनी अजून केलेलं नाही, असं पत्रावरून दिसतं. त्यांनी शपथ घातली, तुम्ही घेतली, आणि विषय तिथंच मिटला.

बोलायला वेळ निवडा. गोळीचा असर असतो तेव्हा हालचाल आणि बोलणं दोन्ही जरा सुटं होतं, आणि असर ओसरला की माणूस आखडतो, चिडतो. चार महिन्यांत तुम्हाला त्यांचे बरे तास कळले असतील, त्या तासात बोला. (गोळी आणि जेवण यांत किती अंतर ठेवायचं हे डॉक्टरांना नक्की विचारा. या आजाराचं मुख्य औषध बहुधा जेवणाच्या थोडं आधी घ्यायला सांगतात, आणि दूध, डाळ, अंडी यांतल्या प्रथिनांमुळे काहींना गोळी कमी लागू पडते.)

सरांना काय सांगायचं? मी तुमच्या जागी असते तर हे सांगितलं असतं की दुखणं लपलेलं नाही, लोकांना ते दिसतंय, फक्त चुकीचं दिसतंय. या आजारात चेहऱ्याचे स्नायू आखडतात. माणूस आतून हसतो, पण ते चेहऱ्यावर उमटत नाही. रस्त्यात जुना विद्यार्थी वाकून नमस्कार करतो, सर मनापासून खूश होतात, आणि विद्यार्थी घरी जाऊन म्हणतो, ‘सर आता ओळखसुद्धा देत नाहीत.’ चाल अडखळते तर लोक काय काय तर्क करतात ते तुम्हाला मी सांगायला नको. ज्या माणसानं उभं आयुष्य मुलांच्या वहीतली चूक लाल पेनानं दुरुस्त केली, त्याच्याबद्दल गावानं चुकीचं उत्तर मनात धरून बसावं आणि त्यानं ते तसंच राहू द्यावं, हे मला सोसवत नाही. सरांनाही सोसवणार नाही असं वाटतं.

मग एकच परवानगी मागा. ‘सगळ्यांना सांगायचं म्हणत नाही. एकीला सांगू दे. ज्यांच्या घरी आपण नऊ दिवस होतो, त्यांना.’ कुणाला सांगायचं हे नावानिशी ठरलेलं असलं की हो म्हणणं सोपं जातं. त्या नऊ दिवसांत त्या घरानं सरांना त्यांच्या पुस्तकांसकट सांभाळलं होतं. नाही म्हणताना त्यांना ते आठवेल.

तरीही नाही म्हणाले तर? घाई करू नका, पण गप्पही बसू नका. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांसमोर, सरांच्या देखत, हा विषय काढा. आणखी एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा. ते घराबाहेर पडत नाहीत का, कशातच रस घेत नाहीत का, झोप कशी आहे. पार्किन्सन्समध्ये उदासपणा हा पुष्कळदा आजाराचाच भाग असतो आणि त्यावर उपचार आहेत. ‘कुणाला सांगू नकोस’ यातलं किती सरांच्या स्वभावातून येतंय आणि किती आजारातून, हे घरच्या घरी ओळखता येत नाही.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. पार्किन्सन्स असलेली माणसं आणि त्यांच्या घरचे तिथं एकत्र येतात. ज्याचा हात आपल्यासारखाच थरथरतो त्याच्याशी बोलणं हे बायको-मुलांशी बोलण्यापेक्षा वेगळं असतं. सरांनी एकदा तरी तिथल्या कुणाशी बोलावं. आणि तुम्हाला रात्री फारच कोंडल्यासारखं झालं तर १४४१६ हा सरकारचा मोफत फोन आहे, टेलिमानस नावाचा, २०२२ पासून चालू असलेला. मराठीत बोलता येतं आणि नाव सांगायची गरज नाही. तिथं बोललात तर शपथेलाही धक्का लागत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचा समावेश आहे, एवढंही लक्षात ठेवा. पुढे प्रमाणपत्राची गरज पडली तर मुलाला त्या कामाला लावा.

अक्षराबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून मी बराच वेळ थांबले होते. अक्षर लहान होत जाणं हे या आजाराचं ओळखीचं लक्षण आहे. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरनं १८१७ साली या आजाराचं वर्णन लिहिलं, त्यातही लिहिताना हात ऐकत नाही याचा उल्लेख आहे. कोऱ्या कागदावर अक्षर आकसतं, पण समोर आखलेल्या रेघा असल्या की पुष्कळांचं ते सुधारतं. मुलांची दुरेघी वही आणून द्या. ‘दोन्ही रेघांना टेकेल असं मोठं लिहा’ हे वाक्य सरांनी हजार मुलांना सांगितलं असेल. पुढे कधी दारातून जाताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायला लागले, तर तिथंही रेघा उपयोगी पडतात. जमिनीवर आडव्या रेघा आखायच्या आणि एकेक ओलांडत जायचं, किंवा तोंडानं ‘एक, दोन’ म्हणत पाऊल टाकायचं. रेघा आखायला खडू सरांच्याच हातात द्या.

समजा, परवानगी मिळाली आणि तुम्ही मैत्रिणीला सांगितलंत. हळूहळू पाचहीजणींना सांगायलाही सर हो म्हणाले. मग काय होईल ते आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे त्या दिवशी पुन्हा तुमचा तोल जाणार नाही. उपायांचा पाऊस पडेल. एकीच्या मावसदिरांना हेच झालं होतं आणि ते कुठल्याशा तेलानं बरे झाले. दुसरीला मिरजेतले एक वैद्य माहीत आहेत. तिसरी व्हॉट्सअॅपवर चार व्हिडिओ पाठवेल. हे सगळं मायेपोटी असतं. आपल्या माणसांना नुसतं ऐकून घेणं जमत नाही, काहीतरी हातात दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. ऐकून घ्या, पण डॉक्टरांची गोळी मनानं कमी करू नका आणि एकदम बंद तर कधीच करू नका. खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण कुणीतरी सुचवेलच. त्या बियांमध्ये लेव्होडोपा हे द्रव्य खरोखरच असतं, आणि पार्किन्सन्सच्या मुख्य गोळीतही तेच असतं. म्हणूनच ते डॉक्टरांना न विचारता गोळीबरोबर घेणं धोक्याचं आहे, कारण एकावर एक दोन डोस होतात आणि नेमकं किती पोटात गेलं ते कुणालाच कळत नाही.

मैत्रिणींच्या हातात दुसरं काहीतरी द्या. त्यांना नेमकं काम सांगा. ‘मंगळवारी मला बँकेत जायचंय, तासभर सरांजवळ बसशील?’ ‘तुझ्या मिस्टरांना म्हणावं, संध्याकाळी सरांना बरोबर घेऊन चक्कर मारा.’ ‘माझ्यासाठी चार भाकरी जास्त थाप.’ या आजारात चालणं आणि व्यायाम फार उपयोगी पडतो, आणि बायकोनं ‘चला’ म्हटलेलं नवरे जितकं ऐकतात त्यापेक्षा मित्रानं दाराशी येऊन हाक मारलेली जास्त ऐकतात. तुमच्या बाकामागे सहा घरं आहेत. त्या सहा घरांतली पुरुष मंडळी एकमेकांना ओळखत असणारच.

बाकावर बसल्यावर रोज पहिला अर्धा तास सरांच्या आजारावर जाऊ देऊ नका. हे मैत्रिणींना तुम्हीच सांगा, नाहीतर त्या बिचाऱ्या तुमच्यासमोर मिक्सरचं नाव काढायला घाबरतील. आपल्या रडगाण्याची लाज वाटून एकेक गप्प होत जाईल आणि तो बाक दवाखान्याबाहेरच्या बाकासारखा होईल. म्हणून परत गेल्यावर पहिल्या दिवशी, सगळ्यांसमोर, त्याच मैत्रिणीला विचारा, ‘तुझी बाई आली का गं?’ ती आली असेल, नसेल, दुसरी लावली असेल, जे असेल ते ती सांगेल. नीट ऐका. चार दिवस एकटीनं धुणीभांडी केल्यावर साठीतल्या बाईची कंबर खरोखरच मोडते. त्या दिवशी ती खोटं बोलत नव्हती.

आणि मग कधीतरी ती विचारेल, ‘सर कसे आहेत?’ तेव्हा ‘बरे आहेत’ म्हणू नका. आज कसे आहेत ते सांगा. रात्री झोप लागली का, चहाचा कप कुणी धरला, दुरेघी वहीत किती ओळी लिहून झाल्या.